दोन जिन, एकच कापूस

दिवाळी सरली की अकोला-अमरावतीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. एकाच रस्त्यावर दोन जिन. कापूस तोच, वीज तीच, मजूरही त्याच गावचे. तरी एक जिन वाढत जातो आणि दुसऱ्याच्या फाटकाला दोन-चार हंगामांत कुलूप लागते. असे का बरे व्हावे?

नशिबाला बोल लावण्याआधी हिशेब मांडू. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस हवा. रोलरची देखभाल वेळेवर झाली नाही, की सरकीला रुई चिकटून राहते. क्विंटलमागे किलोभर रुई जरी अशी राहिली, तरी दहा हजार क्विंटलांत सुमारे 59 गाठींची रुई सरकीच्या भावात जाते!

दुसरी गोष्ट निवडीची. पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस, कवडी आणि ओला माल एकाच ढिगात टाकला, तर चांगल्याचीही प्रत उतरते. शहाणा जिनवाला ढीग वेगळे लावतो. तिसरी गोष्ट शब्दाची. काटा चोख आणि चुकारा वेळेवर असला, की चांगला माल आपण होऊन त्याच्या दारी येतो.

विदर्भातलेच मोठे उदाहरण पाहा. मुंबईत गिरण्यांची गर्दी असताना जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले, कारण कापूस जवळ होता. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यांनी नव्या रिंग चात्या लवकर आणल्या, आणि 1886 साली कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी काढला. यंत्र आणि माणूस, दोन्हीकडे लक्ष! पण पूर्वजांची पुण्याई कायम पुरत नाही. 1986 साली तीच गिरणी टाटांच्या हातून गेली.

शेतकरी बंधूंनो, 1972 साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी आता राहिलेली नाही. माल कुठे न्यायचा हे आपणच ठरवायचे. तेव्हा भावाबरोबर काटा, कपात आणि चुकाऱ्याचा दिवसही विचारा. आणि घरी कवडी वेगळी वेचा, कापूस वाळवून भरा. शेजारच्या दोन शेतांचे गणितही शेवटी दोन जिनांसारखेच असते!