पूर ओसरल्यावर दगडाखाली



आपल्यापैकी पुष्कळ जण पिंपरी-चिंचवडला राहतात, चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. इंद्रायणीवरचा पांढरा फेस सर्वांनी पाहिला आहे. मी लिहितो आहे ते मात्र खेड तालुक्याच्या पश्चिमेकडच्या ओढ्यांविषयी, भामा-आसखेड धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे आपण ठाकर आणि कातकरी वाड्यांवर जातो. तिथे कारखाना नाही. पाणी नितळ दिसते. तरीही वाडीतल्या बायका सांगतात, पूर्वीसारखे खेकडे आणि मासे आता मिळत नाहीत. ज्या घरात आठवड्याला एकदाही मटण शिजत नाही, त्या घरात ओढ्यातले वाटीभर मासे म्हणजे लेकरांच्या अंगाला लागणारे अन्न असते.

ओढ्यातल्या लहान माशांचे बरेचसे पोट किड्यांवर भरते. उथळ, वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटून पाहा. खालच्या अंगाला दोन-तीन शेपट्यांचे चपटे किडे सरपटताना दिसतील. हे मेफ्लायचे पिल्लू. ते पाण्यात कित्येक आठवडे, कधी महिने काढते. पंख फुटल्यावर मात्र त्याला जेमतेम एक-दोन दिवस मिळतात आणि तेवढ्यात ते काही खातही नाही. दुसरा एक किडा, कॅडिस, वाळूचे कण तोंडातल्या रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतो. मुले ज्यांच्या शेपटीला दोरा बांधतात त्या चतुरांचे बालपणही पाण्यातच जाते.

आषाढात ओढा फुगतो, दगड गडगडतात, किडे हजारोंनी वाहून जातात. पण हे किडे पुराला सरावलेले आहेत. काही जण गोट्यांच्या फटींतून तळाखाली खोल उतरतात, काही काठाच्या मुळ्यांना धरून राहतात. पंख फुटलेल्या माद्या पुष्कळदा प्रवाहाच्या वरच्या दिशेला उडत जाऊन अंडी घालतात. म्हणून पावसाळा सरला की ओढा पुन्हा भरू लागतो. हे सगळे त्या फटी मोकळ्या असल्या तरच.

उतारावरचे रान जाळून तिथे नाचणी-वरई केली, राबासाठी झाडे ओरबाडली, की पहिल्या जोरदार पावसात माती सुटते आणि गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजतात. मग पुढच्या लोंढ्यात किड्याला लपायला जागा उरत नाही. यात सगळा दोष गरिबाच्या कुदळीवर टाकू नये. फार्महाऊसच्या प्लॉटसाठी जेसीबीने कापलेला डोंगर त्याहून कितीतरी जास्त माती खाली पाठवतो. उलट भातखाचराच्या बांधाआड पाणी थांबते आणि गाळ तिथेच बसतो. तेव्हा शेती म्हणजे नासाडी, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

काठचे उंबर, करंज, वाळुंज तोडले तर आणखी एक नुकसान होते. गळलेली पाने हे कित्येक किड्यांचे अन्न आहे. सावली गेली की पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वर शेतातले खत वाहून आले, की शेवाळ माजते.

खाली चाकणच्या बाजूला कांद्याचे पीक आहे. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी फवारणी होते. औषधाला फुलकिडा आणि मेफ्लाय यांतला फरक कळत नाही. जुलैत ओढ्यात पाणी भरपूर असते, जानेवारीत नुसती धार. तेव्हा त्या धारेत धुतलेला एक पंप फार मोठा घात करतो.

पाण्याची पारख किड्यांवरून करण्याची एक शास्त्रीय पद्धतच आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी वापरात असलेल्या पद्धतीत किड्यांच्या कुळांना 1 ते 10 गुण देत. मेफ्लायच्या काही कुळांना पूर्ण 10, तर चिखलातल्या लाल अळीच्या कुळाला 2. त्या अळीच्या अंगात आपल्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून ती प्राणवायू कमी असलेल्या घाणीतही तगते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही किड्यांवरून नदीची प्रत ठरवण्याची पद्धत बसवली आहे.

वाडीवरची मुले खेकडे शोधताना दगड उलटतातच. त्यांना दोन-तीन शेपट्यांचा किडा आणि लाल अळी ओळखता आली, तर ओढ्याची तब्येत त्यांची त्यांना कळेल. दिवाळीनंतर पाणी स्वच्छ झाले की पाहावे. पाहून झाले की दगड होता तसाच, त्याच जागी ठेवावा. आणि वाडीतल्या मोठ्यांनी फवारणीचा पंप ओढ्यावर न नेता शेतातच धुवावा.