उंचीची मर्यादा आणि आयुष्यभराची पुंजी

धान्याचा नमुना तळहातावर घेऊन पारखल्याशिवाय व्यापारी सौदा करीत नाही. कसोटीवर घासल्याशिवाय सराफ सोन्याचे पैसे मोजत नाही. हाच व्यवहारदक्ष माणूस घर घेताना मात्र सजवलेली नमुना सदनिका पाहून इसार देऊन मोकळा होतो. ज्या मजल्यावर आपले घर होणार, त्या मजल्यापर्यंत इमारत चढविण्यास परवानगी आहे काय, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

इमारतीची उंची बिल्डरच्या मर्जीवर ठरत नाही. तिच्यावर एकाच वेळी अनेक बंधने असतात. समोरचा रस्ता अरुंद असेल, तर आगीच्या प्रसंगी अग्निशमन दलाची शिडीची गाडी उभी राहू शकत नाही. उंची वाढते तसे भोवती मोकळे अंतर अधिक सोडावे लागते, कारण शेजारच्या घरालाही हवा-उजेडाचा हक्क आहे. चटईक्षेत्र शिल्लक असले म्हणजे हवी तेवढी उंची मिळते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. या बंधनांपैकी जे सर्वांत कडक, तेच अंतिम ठरते.

विमानतळाजवळ आणखी एक मर्यादा येते. मुंबईत सांताक्रूझ, विलेपार्ले, घाटकोपर या भागांतील अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास तिच्यामुळेच अडला. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ना हरकत प्रमाणपत्रातील उंची जमिनीपासून नव्हे, तर सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. समजा, प्रमाणपत्रात ६० मीटर लिहिले आहे आणि भूखंडच समुद्रसपाटीपासून १२ मीटर उंचीवर आहे, तर इमारतीला ४८ मीटरच मिळतात. गच्चीवरील पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोलीही त्यातच बसवावी लागते.

मर्यादा ओलांडल्यास काय घडते, हे वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीने दाखवून दिले. १९८० च्या दशकात तेथे सात इमारती उभ्या राहिल्या. मंजुरी जेमतेम पाच-सहा मजल्यांची असताना त्यांतील एक २० मजल्यांपर्यंत गेली. लोक राहावयास आले, संसार वाढले, मुले मोठी झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजले पाडण्याचा निर्णय कायम ठेवला आणि जून २०१४ मध्ये तेथील वीज, पाणी व गॅसची जोडणी तोडण्यात आली. पैसे घेणारा बिल्डर केव्हाच बाजूला झाला होता. पंचवीस वर्षांनंतर झळ पोहोचली ती घरात राहणाऱ्या कुटुंबांना.

अशा वेळी मालमत्ता कराच्या पावत्या कामी येत नाहीत, कारण कर भरल्याने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. बँकेने कर्ज दिले, हाही निर्णायक पुरावा नव्हे. बँक आपल्या तारणापुरती तपासणी करते. मालकीची जोखीम खरेदीदाराचीच राहते.

म्हणून इसार देण्यापूर्वी चार कागद पाहावेत. पहिला मंजूर नकाशा. महारेराच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. दुसरे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. मुंबईत ते टप्प्याटप्प्याने मिळते. जोत्यापर्यंतचे प्रमाणपत्र म्हणजे वरच्या मजल्यांची परवानगी नव्हे, त्यामुळे आपल्या मजल्याचा उल्लेख त्यात शोधावा. तिसरी अग्निशमन दलाची आणि लागू असल्यास विमानतळ प्राधिकरणाची संमती. तयार घर घेताना चौथा कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. “वरची परवानगी येतेच आहे” या आश्वासनावर रक्कम देऊ नये. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीनेही जादा चटईक्षेत्राच्या आकड्यावर भाळण्याआधी उंचीचा हिशेब मांडून घ्यावा.

वास्तुविशारद आणि वकील यांच्याकडून ही तपासणी करून घेण्याचा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य असतो. दुकानाची खातेवही वर्षातून एकदा तरी तपासली जाते. घराचे कागद निदान खरेदीपूर्वी एकदा तरी तपासले गेलेच पाहिजेत.