कॅसेटचा खरखराट आणि लिटरेचर रिव्ह्यू

परवा आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, लिटरेचर रिव्ह्यूला सुरुवात कुठून करायची, आणि थांबायचं कुठे?" मी त्याला एक्स्ट्रीम मेटलचं उदाहरण दिलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण शोध घ्यायची सवय मला पेपरांच्या आधी रेकॉर्डांनी लावली, हे खरं आहे. तर ते इथे जरा सविस्तर.

ज्यांनी हे संगीत ऐकलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल ही हेवी मेटलची टोकाची रूपं. ड्रम प्रचंड वेगाने, गिटारवर एकच सूर भराभर वरखाली छेडलेला, आणि गायक गुरगुरतो किंवा किंचाळतो. पहिल्यांदा ऐकताना नुसता गोंगाट वाटतो. मलाही वाटला. डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) तर मी दोनदा अर्ध्यात बंद केला होता. तिसऱ्यांदा कळलं की इथे ड्रमकडे लक्षच द्यायचं नाही. तो इतका एकसुरी वाजतो की तानपुऱ्यासारखा मागे सरकतो, आणि मग गिटारची मोजक्या सुरांची धून हळूहळू बदलताना ऐकू येते. ऐकण्याची ही सवय लागायला वेळ लागतो. नवीन विषयातले पहिले पाच पेपरही असेच डोक्यावरून जातात.

आता शोधाचा भाग. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला हे संगीत पोस्टाने फिरायचं. बँड स्वतःच्या डेमो कॅसेट पाठवायचे, समोरचा आपल्या पाठवायचा. तिकिटांवर गोंद किंवा साबण लावायचे, म्हणजे पोस्टाचा शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येई! या कॅसेटींच्या आणि रेकॉर्डांच्या कव्हरवर आभारांची लांबलचक यादी असे: कोणते बँड, कोणती फॅन-मासिकं, कोणत्या शहरातली मंडळी. मला ती याद्या वाचायचं व्यसन लागलं. संदर्भसूचीच म्हणा ना. नॉर्वेपासून मागे गेलात की स्वीडनचा बॅथरी भेटतो, स्वित्झर्लंडचे हेलहॅमर आणि सेल्टिक फ्रॉस्ट भेटतात. इथपर्यंत कोणताही लेख सांगेल. पण याद्या नीट वाचल्या तर ब्राझीलचं बेलो होरिझोंते शहर समोर येतं: सार्कोफागो, 'आय.एन.आर.आय.', १९८७. काढणारी कंपनी कोगुमेलो, जी मुळात एक रेकॉर्डचं दुकान होती. नॉर्वेच्या लाटेच्या कितीतरी आधी.

मग ब्राझीलचं नाव मागे का राहिलं? माझ्या मते एक मोठं कारण संगीताबाहेरचं आहे. नॉर्वेत चर्च जाळली गेली, ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम बँडचा युरोनिमस याचा वर्ग विकर्नेसने खून केला, आणि बातम्या जगभर गेल्या. सायटेशन काउंट बघून पेपर निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि वर ज्याचं कौतुक केलं त्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'च्या पहिल्या आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर वंशवादी घोषणा होती, काही गाण्यांचे शब्दही विकर्नेसचेच. घोषणा नंतर काढली गेली. मी हा रेकॉर्ड ऐकते, पण कोणाला सुचवताना हे सांगितल्याशिवाय सुचवत नाही.

आता माझी फजिती. एमएस्सीला असताना एका जुन्या डेमोवर मी प्रेझेंटेशन केलं होतं. हॉस्टेलमध्ये पेनड्राइव्हवरून मिळालेली एमपीथ्री. झांजा जवळजवळ ऐकूच येत नव्हत्या, म्हणून मी ठोकून दिलं की बँडने मुद्दाम वरच्या फ्रीक्वेन्सी काढून टाकल्या. वेगही मोजला, मिनिटाला २०० ठोके. एका सिनिअरने शांतपणे विचारलं, "कितव्या कॉपीची कॉपी आहे ही?" उत्तर नव्हतं.

घरी येऊन स्पेक्ट्रोग्राम काढला. १६ किलोहर्ट्झच्या वर पट्टीने आखल्यासारखी रेघ, पुढे काहीच नाही. कॅसेट असं कापत नाही, तिच्यात आवाज हळूहळू विरतो. ही रेघ कमी बिटरेटच्या एमपीथ्रीची. नंतर त्याच डेमोची दुसऱ्या कॅसेटवरून केलेली फाइल मिळाली. झांजा होत्या! शिवाय पट्टी जवळजवळ पाव स्वर वर होती आणि वेग २०६. पट्टी आणि वेग दोन्ही साधारण ३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे गिटार वेगळी लावलेली नव्हती, टेपच वेगळ्या गतीने फिरली होती. आता यातली खरी गती कोणती? एवढ्यावरून सांगता येत नाही, आणि मी २०० हा आकडा स्लाइडवर ठळक अक्षरात टाकला होता.

खरखराटाचंही तसंच. दर कॉपीला टेपचा स्वतःचा नॉइज तेवढाच वाढतो असं धरलं, तर दोन पिढ्यांत नॉइजची पॉवर दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल. आठ पिढ्यांत ९ डेसिबल. यातलं बँडने ठरवलेलं किती आणि पोस्टाने घातलेलं किती, हे एकाच कॉपीवरून कळत नाही.

मग 'मुद्दाम' केलंय हे म्हणायचं कधी? इथे डार्कथ्रोन पुन्हा उपयोगी पडतो. त्यांचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' (१९९१) स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झाला. एन्टूम्बडचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) जिथे झाला तोच हा स्टुडिओ, भरदार आवाजासाठी नावाजलेला. म्हणजे चांगला स्टुडिओ, चांगला आवाज त्यांना मिळत होता. तरी तीन वर्षांनी तेच लोक घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड करतात. तोच बँड, परिस्थिती वेगळी. कंट्रोल यापेक्षा सोपा कुठे मिळणार? इथे 'निवड' हा शब्द मी बिनधास्त वापरते. त्या डेमोबद्दल नाही.

थांबायचं कुठे, हे राहिलं. आभारांच्या नवीन याद्यांत तीच ती नावं परत यायला लागली की मी थांबते. पण एक यादी मुद्दाम दुसऱ्या देशातली वाचून मगच.

ज्युनिअरला मी डार्कथ्रोनचे हे दोन अल्बम हेडफोनवर लागोपाठ ऐकायला सांगितले. दोन दिवसांनी आला. "ताई, दुसऱ्याची फाइल करप्ट आहे बहुतेक." म्हटलं, तपास. काल संध्याकाळी तो ऑडॅसिटी उघडून बसला होता आणि सीडी कोणाकडे मिळेल ते विचारत होता.