कंपवाताचे औषध आणि त्याचे पथ्य

मराठी घरात औषधाची पुडी आली की पहिला प्रश्न विचारला जातो तो पथ्याचा. आंबट चालेल का, दूध घ्यावे का, औषध अनशेपोटी घ्यावयाचे की जेवणानंतर, हे विचारल्यावाचून पूर्वीच्या पिढीतील गृहिणी वैद्याला उंबरठा ओलांडू देत नसत. कंपवातावर आज दिल्या जाणाऱ्या औषधांचा एक महत्त्वाचा वर्ग असा आहे की, त्याच्याविषयी हा प्रश्न अगत्याने विचारावयास हवा. मात्र त्याचे उत्तर स्वयंपाकघरात फार थोडे सापडते. त्या औषधांचे खरे पथ्य झोप, वाहन, पैसा आणि मनुष्याचा स्वभाव यांच्याशी निगडित आहे.

या वर्गाला वैद्यकात ‘डोपामीन अ‍ॅगोनिस्ट’ म्हणतात. मराठीत त्यांना डोपामीनची नक्कल करणारी औषधे म्हणता येईल. नक्कल कशाची, हे समजण्यासाठी आधी रोगाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

हातापायांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि पुढे तोल जाणे ही या रोगाची प्रमुख लक्षणे होत. लंडनमधील जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली त्यांचे व्यवस्थित वर्णन केले आणि त्याचेच नाव रोगाला मिळाले. आयुर्वेदात कंपवात हे नाव त्याहून जुने आहे. मेंदूच्या मध्यभागी काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात आणि त्या रसायनाच्या द्वारे हालचालींचे नियमन होते. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की डोपामीनचा तुटवडा पडतो. स्वीडनमधील शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास हे रसायन मेंदूत स्वतंत्रपणे कार्य करते, असे दाखवून दिले. त्या कार्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

डोपामीन गोळीच्या रूपाने पोटात घेतले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्यावर दोन उपाय निघाले. एक, ज्यापासून मेंदू स्वतः डोपामीन तयार करतो ते लेव्होडोपा हे द्रव्य देणे. हे द्रव्य आपल्याकडील खाजकुयलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या, बियांत आढळते आणि १९३७ साली मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी ते वेगळे केले होते. दुसरा उपाय म्हणजे, डोपामीन ज्या ग्राहकांवर जाऊन बसते त्याच ग्राहकांवर बसणारे दुसरे रसायन देणे. कुलूप तेच, किल्ली मात्र बनवून घेतलेली. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही आजची प्रचारातील औषधे अशा बनवलेल्या किल्ल्या आहेत.

लेव्होडोपा अधिक प्रभावी असले तरी काही वर्षांनंतर त्यामुळे अंगाला अनावर हिसके येऊ लागतात, आणि तरुण वयात रोग जडलेल्यांना हा त्रास अधिक होतो. म्हणून अशा रुग्णांना पुष्कळदा प्रारंभी नक्कल करणारी औषधे देतात, किंवा पुढे लेव्होडोपाच्या जोडीला देतात. वृद्धांना, विशेषतः ज्यांची स्मृती क्षीण होऊ लागली आहे त्यांना, ती बेताने दिली जातात. कारण त्यांना नसलेली माणसे दिसण्यासारखे भास लवकर होतात.

आता पथ्याकडे वळू. पथ्य हे नेहमी स्थळकाळ पाहून सांगावे लागते. म्हणून एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे. बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळी आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि जुना किल्ला ही त्याची पूर्वीची ओळख. २००८ पासून शेजारचा विमानतळ ही नवी ओळख. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे आता बंगळूरच्या या बाजूलाही राहतात. समजा, अशा एका कुटुंबातील पन्नाशीच्या गृहस्थांना कंपवात जडला आहे आणि प्रामिपेक्सोल सुरू झाले आहे. त्यांचे पथ्य कोणते?

पहिले पथ्य सावकाशीचे. हे औषध बहुधा ०.१२५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, इतक्या अल्प प्रमाणात सुरू करतात आणि निदान पाच ते सात दिवसांच्या अंतराने पायरीपायरीने वाढवतात. गुण लवकर येत नाही म्हणून आपणच मात्रा वाढवणे घातक ठरते. आरंभी मळमळते, ते अन्नाबरोबर घेतल्यास त्रास कमी होतो. उठताना रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येते; यास्तव पहाटे अंथरुणातून उठताना क्षणभर काठावर बसावे, मग उभे राहावे. प्रामिपेक्सोल मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुबळे असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते, म्हणून तशी तपासणी आधी व्हावी.

दुसरे पथ्य झोपेचे. देवनहळ्ळीवरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो आणि त्यावर वाहनांचा वेग मोठा असतो. १९९९ साली अमेरिकेतील वैद्यांनी आठ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ही औषधे घेत असताना त्यांना मोटार चालवता चालवताच झोप लागली आणि अपघात झाले. ही झोप नेहमीसारखी जांभया देत येईलच असे नाही. ती पूर्वसूचना न देताही येते. म्हणून औषध सुरू करताना व मात्रा वाढवताना वाहन चालवू नये, आणि दिवसा एकदा जरी अशी झोप लागली तरी तज्ज्ञाला सांगून त्याची अनुज्ञा मिळेपर्यंत चक्राला हात लावू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांनी हा धोका वाढतो.

तिसरे पथ्य मिश्रणाचे. देवनहळ्ळीचे पपनस प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पपनस आणि त्याच्याच कुळातील ग्रेपफ्रूट या फळांतील काही द्रव्ये आतड्यातील औषधे पचवणाऱ्या एका पाचकद्रव्याला अडवतात. ब्रोमोक्रिप्टीन हे जुने औषध त्याच पाचकद्रव्याने मोडले जाते. तेव्हा ते घेणाऱ्याने पपनस खाण्यापूर्वी वैद्याला विचारावे. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेणाऱ्याला मात्र या कारणासाठी पपनस वर्ज्य नाही. रोपिनिरोलचे वैर वेगळ्याशी आहे. सिप्रोफ्लॉक्सासीन हे जंतुनाशक सोबत घेतले तर, किंवा विडी-सिगारेट एकाएकी सोडली तर, रोपिनिरोलचे रक्तातील प्रमाण वाढते. धूम्रपान सोडावेच, परंतु सोडताना वैद्याला कळवावे. कवचबीजाचे चूर्ण निरुपद्रवी समजून गुपचूप घेण्याची प्रवृत्ती पुष्कळ दिसते. त्यात लेव्होडोपाच असल्याने औषधावर औषध पडते. उलटपक्षी, उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि भोवळीवर सर्रास दिले जाणारे प्रोक्लोरपेराझीन डोपामीनचीच वाट अडवतात आणि कंपवात बळावतात. रुग्णाने आपल्या औषधांची यादी खिशात बाळगावी ती याकरिता.

ब्रोमोक्रिप्टीनविषयी आणखी एक गोष्ट. बाजरीवर पडणारा अरगट शेतकऱ्यांना ठाऊक असतो. त्याच जातीच्या बुरशीतील द्रव्यांपासून हे औषध आणि पर्गोलाइड, कॅबर्गोलीन ही तयार झाली. या कुळातील औषधांनी, विशेषतः शेवटच्या दोहोंनी, हृदयाच्या झडपा जाड होतात असे आढळले, आणि २००७ मध्ये पर्गोलाइड अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. ही जुनी औषधे घेणाऱ्यांनी हृदयाची तपासणी करवून घेत राहावे. प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल या कुळातील नव्हेत.

चौथे पथ्य सर्वांत अवघड आहे. डोपामीन केवळ हालचालींचे रसायन नव्हे. हवेसे वाटणे, मिळाल्याचे सुख, पुन्हा मिळवण्याची ओढ यांचाही धागा त्याच्याशी जुळलेला आहे. त्यामुळे ही औषधे घेणाऱ्या काहींना अनावर ओढी लागतात. जन्मभर पत्त्याला न शिवलेला माणूस जुगार खेळू लागतो. काटकसरी गृहस्थ नको त्या वस्तूंची खरेदी करीत सुटतो. कोणी रात्री-अपरात्री खातो. कोणाची कामवासना अनावर होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडा येथील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत असे वर्तन आढळले. न घेणाऱ्यांत ते प्रमाण सुमारे ७ टक्के होते.

ज्या घरात हे घडते तेथे त्याला रोग किंवा औषध यांचे नाव मिळत नाही, चारित्र्यभ्रंशाचे मिळते. पत्नी लाजेने बोलत नाही, मुले संतापतात, आणि रुग्ण, ज्याला आपले आपल्यालाच नवल वाटत असते, तो खोटे बोलू लागतो. वैद्यासमोर मात्र सारे कंपाविषयीच बोलतात. अशा रीतीने केवळ मात्रा कमी करून थांबवता येण्याजोगी गोष्ट घराची ठेव आणि अब्रू दोन्ही घेऊन जाते. यास्तव औषध सुरू होण्यापूर्वीच कुटुंबातील एकाला हे स्पष्ट सांगितलेले असावे, पूर्वी व्यसन किंवा जुगार होता काय हे वैद्याने विचारावे व रुग्णाने खरे सांगावे, आणि दर भेटीत पैसा, खाणे, झोप व भास या चारांविषयी न लाजता बोलणे व्हावे. मोठ्या व्यवहारांवर दुसऱ्या कोणाची सही आवश्यक ठेवणे हा अविश्वास नव्हे. ते औषधाचे पथ्यच होय.

असे काही आढळले तर घाबरून औषध एका दिवसात बंद करणे हे पाचवे आणि निक्षून सांगण्याजोगे अपथ्य. एकाएकी थांबवल्यास अंग ताठरते, तीव्र ज्वर चढतो आणि क्वचित प्राणावर बेतते. काहींना चिंता, औदासीन्य आणि घाम यांचा असह्य त्रास होतो. औषध उतरवावयाचे तेही पायरीपायरीने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. विमानाने जाणाऱ्याने गोळ्या सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवाव्यात. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेल्यास गोळ्यांच्या वेळा आधीच सांगाव्यात.

देवनहळ्ळीच्या त्या गृहस्थांना विचारावयास ठिकाण आहे. बंगळूरच्या होसूर रस्त्यावर निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था १९७४ पासून मेंदूच्या व मनाच्या रोगांवर एकाच आवारात उपचार करीत आली आहे. या औषधांच्या बाबतीत त्या दोन शाखांचे शेजारपण फार अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रात पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना व त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवते. तेथे इतरांचा अनुभव ऐकला की आपल्या घरातील गोष्ट सांगण्याचा संकोच कमी होतो.

थरथरणारा हात चारचौघांना दिसतो. बदललेली ओढ घरातल्यांनाच दिसते. हातावरचा गुण वैद्य डोळ्यांनी तपासू शकतो, ओढीची वार्ता मात्र त्याला घरानेच द्यावी लागते. ती वेळेवर मिळाली तर हे औषध अनेकांना सदऱ्याची गुंडी लावण्याइतके, पत्रावर सही करण्याइतके, आपल्या पायांनी दारापर्यंत जाण्याइतके बळ पुन्हा मिळवून देते.