शेतकऱ्याचे मनःस्वास्थ्य : वेळीच ओळख व उपाय

पाऊस ताणला, दुबार पेरणीची वेळ आली किंवा हातातोंडाशी आलेल्या कपाशीत गुलाबी बोंडअळी निघाली, म्हणजे शेतकऱ्यास चिंता वाटणे स्वाभाविकच आहे. पुढील कामास लागताच ती बहुधा ओसरते. तथापि काही वेळा ती ओसरत नाही. दोन आठवडे उलटले तरी मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, अन्न जात नाही आणि पहाटेपूर्वीच जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही. या अवस्थेस नैराश्य म्हणतात. हा स्वभावाचा दुबळेपणा नव्हे. हा आजार होय व तो उपचाराने बरा होतो.

शेतकरी ‘मन खचले’ असे सहसा सांगत नाही. डोके दुखते, अंग मोडून येते, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन तो दवाखान्यात जातो आणि शक्तीचे इंजेक्शन घेऊन परततो. त्याचे खरे दुखणे शेतावरच अधिक दिसते. नेटका म्हणून नावाजलेल्या माणसाच्या शेतात तण माजते, बैलांच्या वैरणीकडे दुर्लक्ष होते, तो पारावर येईनासा होतो. पीककर्जाचे कागद तसेच पडून राहतात, विम्याची मुदत टळते. म्हणजे ज्या नुकसानीने आजार जडला, तीच नुकसानी आजारामुळे वाढत जाते. गाव मात्र त्याला आळशी ठरविते. घरातील स्त्रीलाही हाच आजार होतो; तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही.

असे आढळल्यास ग्रामसेवकाने किंवा शेजाऱ्याने निवांतपणे बांधावर बसून विचारपूस करावी. ‘धीर धरा, सर्वांचेच असे झाले आहे’ या बोलण्याने समोरच्याचे तोंड बंद होते. त्याचे पुरते ऐकून घ्यावे. जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलता आल्याने भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटे सोडू नये, घरच्यांस सांगावे व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घरातील कीटकनाशके तत्काळ हलवून कुलपात ठेवावीत व किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. तो आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि विष हाताशी नसल्यास टळतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो व एरवी त्यास शिक्षा करीत नाही. सबब पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

सोसायटी, बँक, सावकार व कृषी सेवा केंद्राची उधारी एका कागदावर मांडावयास मदत केली तरी पुष्कळ होते. नुसत्या अंदाजाने वाहिलेले कर्ज मनावर अधिक जड होते.

गावचा माणूस हे काम करू शकतो काय, अशी शंका घेतली जाते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात प्रशिक्षित गावकरी कार्यकर्त्यांनी ते केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्णास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठविता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. पुष्कळ रुग्ण आठ दिवसांतच ते सोडून देतात, आणि बरे वाटू लागताच सोडणारेही कमी नसतात. म्हणून ग्रामसेवकाने आठवड्याने पुन्हा त्या घरी जावे व डॉक्टरांच्या सांगण्यावाचून औषध बंद झालेले नाही, याची खात्री करून घ्यावी.