व्यसनाआधीचा बांध

नागपूरहून येणारा जुना ग्रेट ईस्टर्न मार्ग रायपूर शहर ओलांडून पूर्वेकडे जातो, त्या वाटेवर तेलीबांधा हा तलाव लागतो. तलावाच्या काठाने आता फिरण्याची वाट झाली आहे. शहरवासी तिला हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात, आणि सायंकाळी तेथे आजोबा-नातवंडांपासून महाविद्यालयीन तरुणांपर्यंत साऱ्यांची गर्दी लोटते. ह्या गर्दीतील बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा आणखी पाचसहा वर्षांनी व्यसनाकडे वळेल किंवा वळणार नाही, हे कशावर अवलंबून असते? आणि तो वळू नये म्हणून समाजाला व शासनाला आजच काही करता येईल काय?

हा प्रश्न तेलीबांध्याच्या संदर्भात विचारण्यास सबळ कारण आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या भारतीयांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण त्या पाहणीत शेकडा 14.6 आढळले, छत्तीसगडमध्ये ते 35.6, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. मोहाच्या दारूला येथील आदिवासी समाजाच्या विधींत व उत्सवांत जुने स्थान आहे. परंतु शहरातील दारूचा प्रश्न परंपरेच्या माथी मारता येत नाही. 2017 साली राज्यातील किरकोळ दारूविक्री शासनाच्याच महामंडळाकडे आली, आणि महसूल व लोकांचे आरोग्य ह्या दोन्ही चिंता एकाच घरात नांदू लागल्या. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा अधिक विचार करावयास लावतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे केवळ एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला होता. उपचाराची वाट इतकी अरुंद असताना प्रतिबंधाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

प्रतिबंध म्हणजे काय, ह्याविषयी मात्र एक ठरीव कल्पना रूढ झाली आहे. शाळेत एक दिवस पाहुणे येतात. काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे टांगली जातात. मुले उजवा हात पुढे करून शपथ घेतात. घोषणा देत फेरी निघते. आणि अमुक शाळांतील अमुक हजार विद्यार्थ्यांचे प्रबोधन झाले, असा अहवाल कचेरीत रुजू होतो. ह्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु अहवालात मोजणी होते ती सतरंजीवर बसलेल्या मुलांची. त्यांपैकी किती जणांनी पुढील वर्षी पहिली विडी ओढली, किती जणांनी ती नाकारली, हे लिहिण्याचा रकानाच त्या तक्त्यात नसतो. कार्यक्रम झाला एवढे सिद्ध होते. परिणाम झाला की नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, ह्याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. 1983 साली लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ नावाचा उपक्रम निघाला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके समजावून देत. पालक, शाळा आणि पोलीस सारेच समाधानी होते, व पाहता पाहता तो देशभर पसरला. पुढच्या दशकात संशोधकांनी उपक्रम घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा व्यसनांच्या बाबतीत दोहोंत नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. 2001 साली तेथील सर्जन जनरलांच्या अहवालाने त्याची गणना निष्फळ उपक्रमांत केली, आणि कालांतराने मूळ अभ्यासक्रम बदलावा लागला.

ह्याचे कारण मुलांच्या मनाच्या घडणीत आहे. तीस वर्षांनी होणाऱ्या रोगाची भीती चौदाव्या वर्षी फार वेळ टिकत नाही. त्या वयात खरी भीती असते ती मित्रांत हसे होण्याची. ‘एकदा घेऊन तर पाहा’ असे म्हणणाऱ्या सोबत्याला मैत्री न तोडता ‘नको’ कसे म्हणावे, हे त्या मुलाला कोणी शिकविलेले नसते. शिवाय व्यसनाच्या फैलावाची भयंकर वर्णने ऐकून मुलाचा असाही ग्रह होऊ शकतो की, सगळेच घेतात, तर आपणच मागे का राहावे!

म्हणून अलीकडे पुराव्यावर आधारलेल्या प्रतिबंधाचा आग्रह धरला जातो. त्याची रीत समजण्यास कठीण नाही. सारख्या परिस्थितीच्या अनेक शाळा निवडावयाच्या, त्यांपैकी कोणत्या शाळांत उपक्रम चालवावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, आरंभी व अखेरीस दोन्ही गटांतील मुलांची पाहणी करावयाची, आणि मग फरक पाहावयाचा. नवे औषध जसे पारखून घेतात, तसाच उपदेशही पारखून घ्यावयाचा, एवढाच ह्याचा अर्थ.

भारतात अशी पारख झालेली आहे. 2004 ते 2006 ह्या काळात दिल्ली व चेन्नई येथील बत्तीस शाळांत सहावी व आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘मैत्री’ नावाचा तंबाखूविरोधी उपक्रम चालविण्यात आला. त्यात मुलांमधूनच निवडलेले म्होरके वर्गात खेळ, चर्चा व नाट्यप्रसंग घडवून आणीत, भित्तिपत्रके लागत, पालकांनाही सहभागी करून घेतले जाई. दोन वर्षांनंतर, उपक्रम नसलेल्या शाळांतील मुलांत तंबाखूचे सेवन शेकडा 68 नी वाढले होते. उपक्रमाच्या शाळांत ते शेकडा 17 नी घटले होते. येथे बोलणारा पाहुणा नव्हता, बरोबरीचा सोबती होता. आणि काम दोन वर्षे चालले होते.

परंतु उत्तम उपक्रम हाती आला म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असे नव्हे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात 2015 साली ‘सेहेर’ ह्या नावाने झालेला प्रयोग ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. शाळेतील वातावरण स्नेहाचे व्हावे, दांडगाई, मारामारी आणि मुलांच्या मनावरील मळभ कमी व्हावे, ह्यासाठी आखलेला तो उपक्रम होता. काही शाळांत तो शिक्षकांकडे सोपविला. काही शाळांत त्यासाठी प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र समुपदेशक नेमला, ज्याच्याजवळ मानसशास्त्राची मोठी पदवी नव्हती. आणि काही शाळांत तो चालविलाच नाही. समुपदेशकांच्या शाळांत सर्व बाबतींत ठळक सुधारणा दिसली. शिक्षकांनी चालविलेल्या शाळा मात्र उपक्रम नसलेल्या शाळांहून वेगळ्या ठरल्या नाहीत. उपक्रम तोच; हात बदलला आणि फळ बदलले. शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. अध्यापन, परीक्षा व नाना प्रकारची सरकारी कामे ह्यांच्या ओझ्याखाली आणखी एक काम येऊन पडले, की ते उरकले जाते. शिवाय ज्याच्या हाती गुण व शिक्षा, त्याच्यापाशी मुलाने मन मोकळे करावे, ही अपेक्षाही अवघडच. कोणते काम करावे ह्याइतकेच ते कोणी करावे हेही महत्त्वाचे, हा धडा प्रशासनाने घेण्याजोगा आहे.

ज्यांचा पाय घसरू लागला आहे, परंतु जे अद्याप पुरते आहारी गेलेले नाहीत, अशा प्रौढांसाठीही असाच साधा मार्ग गोव्यात तपासला गेला. तेथील ‘संगत’ ह्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या पुरुषांसाठी फार तर चार भेटींचे समुपदेशन आखले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. एका वर्षानंतर, समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा 54 जण अपायकारक मद्यपानातून बाहेर आलेले आढळले; नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा 32 होते. हा विषय वाटतो तितका घरापासून दूर नाही. बाप सावरला तर मुलाच्या डोळ्यांसमोरचे उदाहरणच बदलते.

शाळा व दवाखाना ह्यांच्या पलीकडे आणखी एक वर्तुळ असते, ते वस्तीचे. आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा 42 जणांना मागील महिन्यात दारू चढल्याचे आढळले होते. 2016 साली ते प्रमाण शेकडा 5 वर आले. तेथे दारू व तंबाखू विकण्याच्या वयाचे नियम कडक केले, रात्री उशिरा मुलांनी एकटे बाहेर राहू नये असा दंडक पाळला, खेळ व संगीत ह्यांसाठी पैसा दिला, आणि मुख्य म्हणजे ठरावीक काळाने मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष त्या त्या वस्तीतील पालकांसमोर मांडले. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. केवळ कायद्याने काम भागत नाही हे ओळखून तेथे 2016 साली ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला, आणि गावोगावच्या स्त्री-पुरुषांच्या संघटनेवर त्याची उभारणी झाली. आइसलँड आणि गडचिरोली ह्यांत साम्य ते काय. परंतु मुलाभोवतीचे जग बदलल्यावाचून एकट्या मुलाला बदलता येत नाही, ह्याबाबत दोहोंचे एकमत दिसते.

मग तेलीबांध्यासारख्या वस्तीत आरंभ कोठून करावा? प्रथम तेथील शाळांतील मुलांची, नावे न विचारता, पाहणी करावी. कोणत्या वयात, कोणत्या पदार्थापासून आणि कोणाच्या संगतीत सुरुवात होते हे कळल्यावाचून औषध ठरविता येत नाही. नंतर पारखलेला एकच उपक्रम निवडावा. त्यातील उदाहरणे हिंदी-छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलांच्या घरादारांतील घ्यावी, पण त्याचा गाभा व त्याचे तास कमी करू नयेत. दहा तासांचा अभ्यास दोन तासांत आटोपला की नाव तेवढे शिल्लक राहते. काम अशा माणसाकडे द्यावे, ज्याला दुसरे काम नाही. दोन वर्षांनी पुन्हा पाहणी करावी, आणि फरक पडला नसेल तर तसे प्रांजळपणे लिहून उपक्रम बदलावा. ह्यातील शेवटची पायरी सर्वांत कठीण आहे, कारण अपयशाचा अहवाल लिहिणाऱ्याची पाठ थोपटण्याची प्रथा अजून कोणत्याही कचेरीत पडलेली नाही.

तेलीबांधा ह्या नावातच बांध आहे. बांधाची डागडुजी पावसापूर्वी करतात, आणि ती करताना कोणी टाळ्या वाजवीत नाही. पाऊस येतो, पाणी चढते, बांध टिकतो, आणि काठावर फिरणाऱ्या कोणालाही काही विशेष घडले असे वाटत नाही. व्यसनप्रतिबंधाचे यश असेच असते. जो मुलगा व्यसनाकडे वळलाच नाही, त्याचे छायाचित्र कोणी घेत नाही. तो सायंकाळी तळ्याकाठी मित्रांबरोबर हसत चाललेला असतो, एवढेच.