मंगळसूत्रातलं सोनं आणि गळतीची रेषा

धनत्रयोदशीला रायपूरच्या सदर बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतूनही त्या दिवशी निदान मणीभर सोनं आणायला कुणीतरी जातंच. भाव विचारला जातो, घडणावळीवरून घासाघीस होते, हॉलमार्क तपासला जातो. हे सोनं मुळात बनलं कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही.

पृथ्वीवर ते नुसतं सापडतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी आपल्यापर्यंत पोचल्या. पाठोपाठ दुर्बिणींना जो प्रकाश दिसला, त्यात जड मूलद्रव्यं नुकतीच घडल्याच्या खुणा होत्या. अशा टकरीत अणूच्या केंद्रकावर न्यूट्रॉनचा इतका मारा होतो की एक पचण्याआधीच दुसरा येऊन चिकटतो. केंद्रक पार टोकापर्यंत फुगतं. मग त्यातल्या काही न्यूट्रॉनचे एकेक करून प्रोटॉन होत जातात, आणि शेवटी कुठेतरी ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉनचं सोनं उरतं.

या टोकाला शास्त्रज्ञ ‘ड्रिप लाइन’ म्हणतात, म्हणजे गळतीची रेषा. कणीक भिजवताना पाणी थोडं जास्त झालं तर गोळा सैल होतो, पण टिकतो. आणखी ओतलं की पाणी परातीत सुटतं. केंद्रकातले न्यूट्रॉन असेच सुटतात.

पण किती न्यूट्रॉन मावतील, याचा हिशेब कणकेइतका सरळ नाही. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये बहुतेक वेळा ८ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉन वाढवत नेले तर १६ पर्यंत मावतात. एकच प्रोटॉन वाढवून फ्लोरिन केलं, तर मात्र थेट २२! एका प्रोटॉनने सहा जास्तीचे न्यूट्रॉन कसे धरून ठेवले? २०१० मध्ये सिद्धान्तकारांनी दाखवलं की दोन-दोन कणांमधलं बळ मोजून भागत नाही. तिसरा जवळ असला की त्या दोघांचं नातं बदलतं. (एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.) तो परिणाम धरला तेव्हा ऑक्सिजन १६ वरच का थांबतो, ते गणितात उतरलं.

लिथियम-११ तर आणखी अजब. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांना ते अपेक्षेपेक्षा खूपच मोठं आढळलं, कारण त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन बाकीच्यांपासून लांब, धुक्यासारखे पसरलेले असतात. त्यातला एक काढला की दुसराही राहत नाही. तिपाईचा एक पाय काढावा, तसं. या केंद्रकाचं आयुष्य सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

प्रयोगांनी ही रेषा निऑनपर्यंत, म्हणजे फक्त पहिल्या दहा मूलद्रव्यांसाठी नक्की केली आहे. निऑनची सीमा ठरली तीसुद्धा २०१९ मध्ये. सोन्याचा नंबर ७९ वा. मधली सगळी वाट कागद आणि संगणकावरच चालावी लागते.

त्या वाटेवर पवईचंही नाव आहे. आयआयटी मुंबईचे वाय. के. गंभीर यांनी पी. रिंग आणि ए. थिमेट यांच्यासोबत १९९० मध्ये एक शोधनिबंध लिहिला. केंद्रकातले कण एकमेकांनी मिळून तयार केलेल्या क्षेत्रात फिरतात असं मानून, सापेक्षतेचे नियम पाळून त्यांचा हिशेब कसा करायचा, ते त्यात होतं. मोजकेच आकडे ओळखीच्या केंद्रकांवरून ठरवायचे आणि तेच घेऊन अनोळखी प्रदेशात शिरायचं, ही त्यातली हिंमत मला फार आवडते.

धोकाही तिथेच आहे. ओळखीच्या भागात वेगवेगळ्या सिद्धान्तांची उत्तरं जुळतात, टोकाकडे जाताना फाटे फुटतात. २०१२ च्या एका अंदाजानुसार सुमारे ६,९०० प्रकारची केंद्रकं बांधलेली राहू शकतात, त्यातही पाचशे इकडे-तिकडे. प्रत्यक्षात निम्मीसुद्धा पाहिलेली नाहीत. जी दिसतात तीही कधीकधी तोंडावर पाडतात. ऑक्सिजन-२८ मध्ये ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन. दोन्ही आकडे केंद्रकाला विशेष बळकटी देणारे, ‘जादुई’ म्हणून ओळखले जाणारे. २०२३ मध्ये जपानमधल्या प्रयोगात ते दिसलं, आणि लगेच चार न्यूट्रॉन टाकून मोकळं झालं.

सोन्याच्या वाटेवरची बहुतेक केंद्रकं अजून कुठल्याच प्रयोगशाळेत घडलेली नाहीत. अमेरिकेत मिशिगनला २०२२ पासून अशी दुर्मीळ केंद्रकं बनवणारं नवं यंत्र सुरू झालं आहे. त्यातून निघणारी एकेक मोजणी आता या जुन्या-नव्या आकडेमोडीशी ताडून बघितली जाते आहे.